तेलाच्या मुलखातलं मतदान

अल्बर्टात सरकार बदललं की लोकांना काय वाटतं, हे जाणून घ्यायचं तर म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं लागतं. कॅनडाचा हा प्रांत 1 सप्टेंबर 1905 रोजी स्थापन झाला आणि पुढच्या 110 वर्षांत इथला सत्ताधारी पक्ष चारच वेळा बदलला: 1921, 1935, 1971 आणि 2015. मधली सगळी वर्षं एकेक पक्ष ठाण मांडून बसलेला. ज्याला लोकांनी घालवलं तो परत आला नाही. आधी लिबरल गेले, मग शेतकऱ्यांचा पक्ष गेला, मग सोशल क्रेडिट गेला. त्यामुळे सत्तांतराची रात्र माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदा-दोनदा, फार तर तीनदा यायची. ती पाहिलेली माणसं तिच्याबद्दल बोलतात तेव्हा घरातल्या एखाद्या लग्नाबद्दल किंवा मृत्यूबद्दल बोलावं तसं बोलतात. कोण कुठे बसलं होतं, बाहेर हवा कशी होती, कुणी काय खाल्लं, सगळं त्यांच्या लक्षात असतं.

मी पुण्याहून कॅलगरीला आले 2004 साली. माझे मामा 1970 च्या जानेवारीपासून या प्रांतात होते, मामी 1974 पासून. शेजारी युक्रेनियन वंशाच्या एक आजी राहायच्या, 1926 साली जन्मलेल्या, व्हेग्रव्हिलजवळच्या शेतावर वाढलेल्या. या तिघांकडून ऐकलेलं आणि 2015 साली स्वतः पाहिलेलं मी इथे लिहिते आहे. पुस्तकांशी ताडून पाहिलं आहेच. पण पुस्तकात आणि त्यांच्या बोलण्यात जिथे फरक पडतो, तिथेच मला जास्त शिकायला मिळालं.

आजींची गोष्ट 1935 च्या उन्हाळ्यापासून सुरू व्हायची. त्या नऊ वर्षांच्या होत्या. गव्हाचा भाव 1932 सालीच बुशेलला 40 सेंटांच्या खाली गेला होता. प्रांताच्या दक्षिण भागात दुष्काळ, धुळीची वादळं. त्यांच्या भागात पीक यायचं, पण विकून हाती काही लागायचं नाही. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोकांनी मोटारींची इंजिनं काढून टाकली आणि पुढे घोडे जुंपले. त्या गाड्यांना तेव्हाचे पंतप्रधान बेनेट यांचं नाव पडलं होतं, आणि बेनेट तर कॅलगरीचेच. आजींच्या वडिलांची अशी एक गाडी होती. त्यात बसून दर रविवारी दुपारी सगळं कुटुंब तीन मैलांवरच्या घरी जायचं, कारण त्या घरी रेडिओ होता.

रेडिओवर विल्यम अबरहार्ट बोलायचे. कॅलगरीतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक आणि बायबलचे प्रवचनकार. प्रवचनातच त्यांनी हळूहळू अर्थकारण मिसळलं. बँकांनी माणसांचा पैसा अडवून धरला आहे, आम्हाला निवडून द्या, प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला 25 डॉलर लाभांश देऊ. आजींच्या वडिलांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण हा आकडा त्यांना नीट कळला. 22 ऑगस्ट 1935 ला मतदान झालं. सोशल क्रेडिटला 63 पैकी 56 जागा मिळाल्या. 14 वर्षं राज्य केलेल्या शेतकरी पक्षाची एकही जागा उरली नाही. काही लोक दुसऱ्याच दिवशी पैसे घ्यायला कचेरीत गेले होते, असं आजींचे वडील सांगत. ते स्वतः गेले नाहीत, पण डब्यातलं नाणं मोजायचं त्यांनी महिनाभर थांबवलं होतं.

25 डॉलर कधीच आले नाहीत. 1937 साली अबरहार्ट यांच्या स्वतःच्या मतदारसंघातल्या लोकांनी त्यांना परत बोलावण्यासाठी सह्या गोळा केल्या, तेव्हा सरकारने तो परत बोलावण्याचा कायदाच रद्द करून टाकला. एवढं सगळं होऊनही हा पक्ष 36 वर्षं टिकला. मी आजींना विचारलं, वडील चिडले नाहीत? त्या म्हणाल्या, "चिडले ना. पण पैसे देईन असं दुसरं कुणी म्हणतच नव्हतं."

मग तेल लागलं. इंपीरियल ऑइल कंपनीने पश्चिम कॅनडात 133 कोरड्या विहिरी खणल्या होत्या. 13 फेब्रुवारी 1947 रोजी राजधानी एडमंटनच्या दक्षिणेला लडूकजवळ पुढच्या विहिरीतून तेल वर आलं. आजी तेव्हा 21 वर्षांच्या, नुकत्याच लग्न होऊन त्याच भागात आलेल्या. कंपनीने आधीच तारीख जाहीर करून पाहुणे बोलावले होते. कडाक्याच्या थंडीत लोक तासन् तास उभे, विहीर काही बोलेना, निम्मे कंटाळून परतले. आजींचे यजमान थांबले. दुपार कलल्यावर जमीन थरथरली, ज्वाळा उठली आणि आकाशात धुराचं एक मोठं कडं गेलं. सोशल क्रेडिटचे खाणमंत्री टॅनर यांनी झडप फिरवली. आजींचे यजमान घरी आले तेव्हा त्यांच्या मिशा गोठल्या होत्या आणि ते मोठमोठ्याने बोलत होते. एरवी ते कमी बोलणारे.

पुढे त्यांच्या स्वतःच्या शेतातही विहीर लागली. मला वाटलं, म्हणजे हे लोक श्रीमंत झाले असतील. आजींनी मला समजावून सांगितलं. जमीन शेतकऱ्याची असली तरी जमिनीखालच्या तेलाचा मालक बहुतेक ठिकाणी प्रांत असतो. 1930 साली केंद्राने ही खनिजं प्रांताच्या हवाली केली. शेतकऱ्याला मिळतं ते विहिरीने आणि रस्त्याने अडवलेल्या जागेचं भाडं. म्हणजे आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जो पंपजॅक वर-खाली होताना दिसायचा, त्याचं तेल एका अर्थाने एडमंटनच्या प्रत्येक बस ड्रायव्हरचंही होतं, आणि पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचं. हा या मुलखाच्या राजकारणाचा पाया आहे. तेल सगळ्यांचं, पण त्याचा व्यवहार सरकार करणार. त्यामुळे सरकारकडून मिळणारी प्रत्येक गोष्ट एकाच वेळी हक्काचीही वाटते आणि कृपेचीही.

1957 साली अर्नेस्ट मॅनिंग यांच्या सरकारने तेलाच्या उत्पन्नातून प्रौढ नागरिकांना 20 डॉलरचा एकेक चेक पाठवला. दुसऱ्या वर्षी साडेसतरा डॉलर. आजींचे वडील तोवर थकले होते. चेक हातात घेऊन ते म्हणाले, "पंचविसातले वीस आले." आणि मरेपर्यंत त्यांनी त्याच पक्षाला मत दिलं.

मामांची गोष्ट इथून पुढची. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलची पदवी घेऊन ते एडमंटनला आले आणि एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसले. बाहेर उणे तीस, खोलीवर मुगाची खिचडी, आणि बोलायला घरमालक. घरमालक सोशल क्रेडिटचा जुना कार्यकर्ता, साठी उलटलेला, दारू-सिगारेटला न शिवणारा. मामांना मताचा अधिकार नव्हता, पण 1971 च्या ऑगस्टमध्ये ते रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर टीव्ही पाहायचे. टीव्हीवर पीटर लॉहीड दिसायचे, वकील, चाळिशीतले, एका दारातून दुसऱ्या दारात अक्षरशः पळत जाणारे. त्याच वर्षी मतदानाचं वय 18 वर आलं होतं. माणसं शेतं सोडून शहरात आली होती. त्यांना प्रवचन नको होतं, विद्यापीठं आणि रस्ते हवे होते. घरमालकाच्या मुलीनेच लॉहीडना मत दिलं, आणि जेवणाच्या टेबलावर तसं सांगितलं.

30 ऑगस्ट 1971 च्या रात्री प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 75 पैकी 49 जागा मिळाल्या. घरमालक बाहेर पायरीवर जाऊन बसला. मामा त्याच्या शेजारी बसले. काय बोलावं हे 24 वर्षांच्या मामांना सुचेना. थोड्या वेळाने घरमालकच म्हणाला, "आम्ही चोरी केली नाही. ते तरी लोक लक्षात ठेवतील ना?" मामा मला हे सांगायचे तेव्हा दरवेळी इथे थांबायचे. सहा वर्षांनी, 1977 च्या मार्चमध्ये, त्यांच्या धाकट्या भावाचं पुण्याहून पत्र आलं: दिल्लीत 30 वर्षांचं काँग्रेसचं राज्य गेलं, लोक रात्रभर रस्त्यात नाचत होते. मामांनी ते पत्र जपून ठेवलं. नाचणाऱ्यांची बातमी वाचतानाही आपल्याला तो पायरीवरचा माणूस आठवला, असं ते म्हणत.

त्या 1971 च्या निकालात एक बारीकशी ओळ होती, जिच्याकडे फार कुणी पाहिलं नाही. एनडीपी या डाव्या पक्षाचा एकच आमदार निवडून आला होता: उत्तरेकडच्या स्पिरिट रिव्हर–फेअरव्ह्यूमधून ग्रँट नॉटली. ही ओळ लक्षात ठेवायला हवी.

लॉहीड मामांचे दैवत झाले, आणि माझ्या मते त्यांची निवड चुकलेली नव्हती. लॉहीड सांगायचे की अल्बर्टाच्या लोकांनी मालकासारखा विचार करायला शिकलं पाहिजे. त्यांनी कंपन्यांकडून तेलाचं स्वामित्वधन वाढवून घेतलं आणि 1976 साली हेरिटेज फंड काढला: तेल-वायूच्या उत्पन्नातले 30 टक्के दरवर्षी पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचे. मामा तेव्हा नागरिक झालेले होते. आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी या माणसाला दिलं. हाडाच्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला याहून मोठी कुठली गोष्ट पटणार? आलेल्या पैशातला तिसरा हिस्सा मुलांच्या नावाने ठेवणारं सरकार!

28 ऑक्टोबर 1980 ही तारीख मामांच्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावी. त्या दिवशी ओटावात पिएर ट्रुडो यांच्या केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा धोरण आणलं. देशातलं तेल जगाच्या भावापेक्षा स्वस्त ठेवायचं, वर केंद्राचे नवे कर. लॉहीड टीव्हीवर आले आणि उत्पादन टप्प्याटप्प्याने 15 टक्के कमी करू असं त्यांनी जाहीर केलं. रिग अमेरिकेकडे निघाले. 1982 साली मामांची नोकरी गेली. तोवर ते कॅलगरीला घर घेऊन बसले होते. गल्लीतली माणसं कर्ज फेडता येईना म्हणून घराच्या किल्ल्या बँकेत टाकून निघून जात होती. मामींच्या पगारावर मामांचं घर वाचलं.

मामा सगळं खापर ट्रुडोंवर फोडत. मी पुढे आकडे पाहिले तेव्हा लक्षात आलं की 1981 साली कॅनडात व्याजाचा दर 20 टक्क्यांवर गेला होता, आणि तेलाचा जागतिक भाव तेव्हापासून उतरायला लागून 1986 साली पार कोसळला. 1986 ची ही पडझड तर ते धोरण रद्द झाल्यानंतरची. मी हे मामांना दाखवलं. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण व्याजदराला चेहरा नसतो गं." त्या दिवसापासून या मुलखातलं प्रत्येक मतदान मी या वाक्यातून पाहते. तेलाचा भाव मतपत्रिकेवर छापलेला नसतो. तिथे माणसांची नावं असतात.

हेरिटेज फंडाचं वचनही विरत गेलं, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते. 1983 साली बाजूला ठेवायचा हिस्सा 30 वरून 15 टक्क्यांवर आला, 1987 साली ठेवणंच बंद झालं. नॉर्वेने 1990 साली कायदा करून आपला निधी काढला, 1996 साली त्यात पहिली रक्कम टाकली, आणि 2017 साली तो एक लाख कोटी अमेरिकन डॉलरच्या पुढे गेला. अल्बर्टाचा निधी तेव्हा 17–18 अब्जांच्या घरात घुटमळत होता. मामांचं म्हणणं असे की नॉर्वे देश आहे आणि अल्बर्टा एक प्रांत. इथला पैसा केंद्राच्या करातून बाहेर जातो. ते खरं आहे. पण इथे प्रांताचा विक्रीकर नाही, 1936–37 चा थोडा काळ सोडला तर तो कधी लावला गेला नाही, आणि त्याची भरपाई दरवर्षी तेलातून होत राहिली, हेही तितकंच खरं. दोन पिढ्यांनी आपल्या वाट्याचा कर न देता नातवंडांचा पैसा वापरला. आणि ज्या सरकारला लोकांकडून पुरता कर घ्यावा लागत नाही, त्याला लोकांचं ऐकण्याची निकडही तेवढी राहत नाही.

मामींना हे 1990 च्या दशकात कळलं. राल्फ क्लाइन मुख्यमंत्री होते. लोकांत मिसळणारे, कॅलगरीचे माजी महापौर. खर्चात सुमारे 20 टक्के कपात, सरकारी पगार 5 टक्क्यांनी खाली. मामी एका इस्पितळात नर्स होत्या. त्यांची जागा गेली. 4 ऑक्टोबर 1998 च्या सकाळी कॅलगरी जनरल इस्पितळाची इमारत स्फोटकं लावून पाडली, तेव्हा मामी टेकडीवर जाऊन बघत उभ्या राहिल्या. त्या इमारतीत त्यांच्या दोन्ही मुली जन्मल्या होत्या. तरी मामा त्याच पक्षाला मत देत राहिले, आणि मामीही. "दुसरं होतं कोण?" मामी म्हणायच्या. आजींच्या वडिलांचंच उत्तर. 2006 च्या सुरुवातीला, तेल तेजीत असताना, क्लाइन यांनी प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या मुलालासुद्धा, 400 डॉलर पाठवले. मी तेव्हा इथे नवी होते. मला तो चेक फार आवडला होता. मामींनी आपला चेक फूड बँकेला दिला.

2014 च्या जूनमध्ये तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होतं. नोव्हेंबरच्या शेवटी ओपेक देशांनी उत्पादन कमी न करण्याचं ठरवलं आणि जानेवारीत भाव 50 च्या खाली गेला. माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच महिन्यात गेली. मी एका पाइपलाइन कंपनीत हिशेब बघत होते. सोमवारी सकाळी कुणाच्या टेबलावर कुंडी नाही हे पाहायची सगळ्यांना सवय लागली. अशा वेळी मुख्यमंत्री जिम प्रेंटिस यांनी मार्चमध्ये रेडिओवर सांगितलं की या परिस्थितीला जबाबदार कोण हे पाहायचं तर आपण सगळ्यांनी आरशात बघावं. नंतर अर्थसंकल्प आला: लोकांचे कर वाढले, फिया वाढल्या, कंपन्यांचा कर होता तेवढाच राहिला. मामी एरवी राजकारणावर बोलत नसत. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "माझ्या आरशात मला रात्रपाळी करणारी बाई दिसते. ह्यांना कोण दिसतं?"

प्रेंटिस वाईट माणूस नव्हते. ते जे बोलले त्यात तथ्यही होतं. वर मीच लिहिलं आहे की विक्रीकर न देता आम्ही तेल खाल्लं. पण 44 वर्षं किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, त्यांनी घरच्यांना हे सुनावणं लोकांना सोसलं नाही. त्याआधी डिसेंबरमध्ये विरोधी पक्षनेत्या डॅनिएल स्मिथ आपल्या वाइल्डरोज पक्षाचे बरेचसे आमदार घेऊन सरकारी बाकांवर जाऊन बसल्या होत्या. कायद्याने निवडणूक 2016 साली व्हायची, ती वर्षभर आधीच घेतली. वादविवादात प्रेंटिस यांनी एनडीपीच्या नेत्या रेचल नॉटली यांना गणिताच्या अवघडपणावरून टोकलं, ते बायकांच्या मनात राहिलं. मतदानाच्या चार दिवस आधी एडमंटनमधल्या पाच उद्योजकांनी पत्रकार परिषद घेऊन एनडीपीला मत देऊ नका असं बजावलं. आमच्या मराठी गणपतीच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे मोदकांच्या साच्यांपलीकडे कधी वाद होत नसे, रात्री एक वाजेपर्यंत माणसं भांडत होती.

5 मे 2015. मामा आणि मामी एकाच गाडीतून शाळेच्या जिममध्ये मत द्यायला गेले. मामांनी प्रेंटिस यांच्या पक्षाला दिलं, मामींनी 40 वर्षांत पहिल्यांदा एनडीपीला. मी एनडीपीला, माझ्या नवऱ्याने वाइल्डरोजला. रात्री आठला मतदान संपलं आणि तासाभरात टीव्हीवर निकाल स्पष्ट झाला. एनडीपीला 2012 साली चार जागा होत्या. आता 87 पैकी 54. एडमंटनच्या सगळ्या, कॅलगरीतल्याही निम्म्याहून अधिक. सत्ताधारी पक्ष दहा जागांवर, तिसरा. प्रेंटिस यांनी स्वतःची जागा जिंकली आणि त्याच रात्री ती सोडून राजकारणही सोडलं.

मामींच्या डोळ्यांना धार लागली. माझा नवरा म्हणाला, "आता तर काही खरं नाही," आणि बायोडेटा उघडून बसला. मामा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, ते त्यांच्या जुन्या घरमालकासारखे बाहेर जाऊन बसणार. ते म्हणाले, "ही ग्रँट नॉटलींची मुलगी." आणि मग त्यांनी 1971 ची ती बारीक ओळ सांगितली, जी मला तोवर ठाऊक नव्हती. ज्या रात्री प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेवर आला, त्याच रात्री एनडीपीतून एकटाच निवडून आलेला तो माणूस. पुढे 19 ऑक्टोबर 1984 च्या रात्री हाय प्रेरीजवळ छोटं विमान कोसळून ते गेले. त्याच विमानातले सत्ताधारी मंत्री लॅरी शेबन वाचले. रेचल तेव्हा 20 वर्षांची होती. "विधानसभेत ते एकटे उभे राहायचे," मामा म्हणाले, "आणि लॉहीड त्यांचं ऐकून घ्यायचे. मी ऐकायला गॅलरीत गेलो होतो." ज्यांच्या विरोधात मत दिलं त्यांच्याबद्दल मामा इतक्या मायेने बोलत होते की नवऱ्याने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कुंपणाशी आल्या. 89 वर्षांच्या. त्यांनी 1935 पाहिलं होतं, 1971 पाहिलं होतं, आणि आता हे. त्यांना मी विचारलं, कसं वाटतं? "त्यांनी पैसे देऊ असं म्हटलंय का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग निदान ते नवीन आहे."

ऑफिसात त्या सकाळी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टोरांटोच्या बाजारात तेल कंपन्यांचे शेअर घसरले होते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा, ज्याने रागाने एनडीपीला मत दिलं होतं, तोच घाबरला होता. स्वामित्वधन वाढवलं तर आपली कंपनी राहील का? सरकारने त्याचा आढावा घेतला आणि 2016 च्या जानेवारीत दर मुळात होते तसेच ठेवले. पण तोवर तेल 30 च्या खाली आलं होतं. 2015 च्या डिसेंबरात शेतमजुरांच्या सुरक्षेच्या विधेयकावरून शेतकरी विधानसभेच्या पायऱ्यांवर जमले. त्यांत आजींचा मुलगा होता. 2016 च्या मे महिन्यात फोर्ट मॅकमरीला वणवा लागला, सुमारे 88 हजार माणसं एकाच रस्त्याने बाहेर पडली. या सरकारने वर्षभरात जे जे झेललं, तेवढं मधल्या अनेक सरकारांनी दहा वर्षांत झेललं नसेल, असं माझं मत आहे आणि ते मी इथे मोठ्याने सांगते.

आजी 2016 च्या शरद ऋतूत गेल्या, मामा 2017 च्या हिवाळ्यात. आजींचा नातू रिगवर काम करायचा. 2015 साली त्याने एनडीपीची नारिंगी पाटी अंगणात लावली होती, 2019 साली विरोधकांची निळी. मी त्याला म्हटलं, भाव तर आधीच्या सरकारच्या वेळी पडला. तो म्हणाला, "मला माहीत आहे. पण सौदीच्या तेलमंत्र्याला मी पाडू शकत नाही. एडमंटनमधल्यांना पाडू शकतो." 16 एप्रिल 2019 ला जेसन केनी यांच्या युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 63 जागा मिळाल्या, एनडीपीला 24. अल्बर्टाच्या इतिहासात एकाच कारकिर्दीनंतर गेलेलं ते पहिलं सरकार. त्या रात्री मला 2015 सारखं रडू आलं नाही की राग आला नाही. मला मामांची उणीव भासली. ते असते तर मला 63 जणांतल्या आणि 24 जणांतल्या कितीकांच्या आई-वडिलांच्या गोष्टी सांगत बसले असते.

आता सत्तांतर पाहायला म्हातारं होण्याची गरज उरलेली नाही. माझ्या मुलीने 18 वर्षांची होण्याआधी दोन पाहिली. मला हे चांगलं वाटतं. आपलं सरकार जाऊ शकतं हे सरकारला माहीत असावं.

2022 साली तेल पुन्हा 100 डॉलरवर गेलं. 2023 च्या जानेवारीपासून, तोवर मुख्यमंत्री झालेल्या डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने ज्येष्ठांना आणि मुलं असलेल्या घरांना महिन्याला 100 डॉलर द्यायला सुरुवात केली, सहा महिन्यांसाठी. निवडणूक 29 मेला. मामींनाही मिळत होते. मे महिन्यात एका संध्याकाळी सरकारी पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता त्यांच्या दारात आला, मीही तिथे होते. पगडीवाला सरदार मुलगा, नम्र, आजी म्हणून हाक मारणारा. त्याने 100 डॉलरची आठवण करून दिली. मामींनी त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि विचारलं की यंदा तेलाचे जे इतके पैसे आले, त्यातले हेरिटेज फंडात किती टाकले? त्याला सांगता येईना. त्याच आठवड्यात एनडीपीची एक मुलगी येऊन गेली होती, तिलाही मामींनी हेच विचारलं होतं आणि तिलाही ते सांगता आलं नव्हतं.

तो मुलगा फोन काढून शोधायला लागला. मामी म्हणाल्या, "घाई नको करूस. मतदानाला अजून आठवडा आहे. तुझ्या उमेदवाराला विचारून ये, मी घरीच असते."